रिव्हरवर कॉल करावा की पत्ते टाकावेत? शेवटच्या बेटिंग फेरीतील बचाव

नो-लिमिट टेक्सस होल्डेममध्ये पाचवे सामायिक पान, म्हणजे रिव्हर, उघडले की कोणाचाही हात सुधारण्याची शक्यता उरत नाही. फ्लॉपवर किंवा टर्नवर केलेला चुकीचा कॉल पुढच्या पानामुळे कधीकधी निभावून जातो. रिव्हरवर ती सवलत नसते. समोरच्याने बेट केली त्या क्षणी तुमचा हात एक तर जिंकलेला असतो किंवा हरलेला असतो, आणि किंमत मोजून ते पाहायचे की पाहण्याआधीच माघार घ्यायची, एवढाच निर्णय तुमच्या हाती असतो. तीन फेऱ्यांमध्ये पॉट फुगत आलेला असल्यामुळे हाच निर्णय बहुधा संपूर्ण डावातला सर्वांत महागडा ठरतो. पुढील विवेचन ज्यांना होल्डेमचे नियम ठाऊक आहेत, परंतु मोठी बेट समोर आली की जे अंदाजपंचे कॉल किंवा फोल्ड करतात, अशा खेळाडूंसाठी आहे.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आपला हात चांगला आहे का, हा. या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही, कारण बोर्डवरच्या, म्हणजे उघडलेल्या सामायिक पानांमधल्या, सर्वांत मोठ्या पानाची जोडी एका डावात निःसंशय कॉल असते आणि दुसऱ्या डावात निःसंशय फोल्ड. त्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात: कॉलचा भाव काय पडतो आहे, समोरच्याच्या संभाव्य हातांमध्ये किती ब्लफ शिल्लक आहेत, आणि आपल्या हातातल्या दोन पत्त्यांमुळे त्याचे कोणते हात अशक्य झाले आहेत. तिसऱ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते बरोबरीच्या खेळाडूंमधला फरक बहुतांशी तिथेच पडतो.

आधी भाव काढावा

कॉलसाठी लागणारी रक्कम घ्यावी आणि कॉल केल्यानंतर पॉटमध्ये जेवढी एकूण रक्कम होईल तिने तिला भागावे. पॉट १,००० चिप्सचा आहे आणि समोरच्याने ५०० ची बेट केली, तर तुमचे ५०० धरून एकूण २,००० होतात; ५०० भागिले २,००० म्हणजे २५ टक्के. चारपैकी एकदा जरी तुमचा हात वरचढ निघाला, तरी कॉलमध्ये नफा नाही आणि तोटाही नाही. भाजकात स्वतःची कॉलची रक्कम मिळवायला विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे. त्यामुळे ५०० भागिले १,५०० असे ३३ टक्के उत्तर येते आणि माणूस नको तिथे पत्ते टाकून देतो.

पाव पॉटच्या बेटला सुमारे १७ टक्के, अर्ध्या पॉटच्या बेटला २५, तीन-चतुर्थांश पॉटच्या बेटला ३०, पूर्ण पॉटएवढ्या बेटला ३३ आणि पॉटच्या दुप्पट बेटला ४० टक्के एवढा जिंकण्याचा वाटा लागतो. या आकड्यांकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की बेट कितीही मोठी झाली तरी हा वाटा ५० टक्क्यांपर्यंत कधीच पोहोचत नाही. म्हणूनच ‘आपण बहुधा हरलेलो आहोत’ एवढ्यावर पत्ते टाकणे तर्काला धरून नाही. बहुधा हरलेले असूनही कॉल योग्य असू शकतो. उलट बाजूने, समोरचा कधीतरी ब्लफ करत असणारच एवढ्यावर कॉल करणेही तितकेच पोकळ आहे, कारण ते ‘कधीतरी’ दहातून एकदा असेल आणि भाव तीनातून एकदाचा असेल, तर प्रत्येक कॉल तोट्यातच जाणार.

प्रत्यक्ष टेबलावर एक व्यावहारिक अडचण येते. नो-लिमिट खेळात पॉटमध्ये किती चिप्स आहेत हे डीलर सहसा मोजून सांगत नाही. समोरच्याच्या बेटची रक्कम विचारली तर ती मात्र सांगितली जाते. त्यामुळे पहिल्या फेरीपासूनच पॉटचा हिशेब मनात ठेवण्याची सवय लावून घ्यावी. रिव्हरवर बेट आल्यानंतर चिप्सच्या ढिगाकडे टक लावून अंदाज बांधायला लागणारा खेळाडू निर्णयाचा वेळही गमावतो आणि आपण कॉलचा विचार करत आहोत हेही जाहीर करून बसतो.

किती हातांनी टिकून राहायचे

भाव ही तुमच्या बाजूची आकडेमोड झाली. तीच परिस्थिती समोरच्याच्या बाजूने पाहिली की दुसरा आकडा मिळतो. तो १,००० च्या पॉटवर १,००० ची बेट निव्वळ ब्लफ म्हणून करत असेल, तर दोनातून एकदा तुम्ही फोल्ड केले की त्याचे पैसे वसूल होतात. तुम्ही त्याहून अधिक वेळा फोल्ड करू लागलात, तर त्याला हातात कोणतेही दोन पत्ते घेऊन ब्लफ करणे फायद्याचे ठरते. म्हणून पॉटएवढ्या बेटसमोर, या रिव्हरपर्यंत तुम्ही ज्या ज्या हातांनी आला असता, त्यांपैकी सुमारे निम्म्या हातांनी टिकून राहायला हवे. खेळाडू याला मिनिमम डिफेन्स फ्रीक्वेन्सी किंवा नुसते एमडीएफ म्हणतात, आणि मूळ पॉटला पॉट अधिक बेट या बेरजेने भागले की ते प्रमाण मिळते. अर्ध्या पॉटच्या बेटला ते सुमारे ६७ टक्के येते, पाव पॉटला ८० टक्के, आणि पॉटच्या दुप्पट बेटला केवळ ३३ टक्के.

हा आकडा हुकूम म्हणून वापरू नये. समोरचा ब्लफ करून आपल्याला लुबाडू शकणार नाही एवढ्यापुरतीच त्याची हमी आहे, आणि ज्या खेळाडूला रिव्हरवर ब्लफ करण्याची हिंमतच होत नाही त्याच्यापासून असे संरक्षण घेऊन काहीच साधत नाही. तसेच, टर्नवर फ्लश पूर्ण करणारे पान आले आणि त्या बोर्डवर समोरच्याकडेच फ्लश असण्याची शक्यता फार जास्त असली, तर एमडीएफएवढे टिकण्याचा हट्ट धरणे म्हणजे त्याच्या खऱ्या हातांना स्वखुशीने पैसे देणे होय. माझ्या मते या आकड्याचा उपयोग टेबलाबाहेर जास्त आहे: खेळून झाल्यावर घरी बसून, त्या बोर्डवर आपण कोणकोणत्या हातांनी कॉल केला असता हे लिहून काढावे आणि ते प्रमाण या आकड्यापासून किती दूर आहे ते पाहावे. आपण वीस-पंचवीस टक्केच टिकतो आहोत असे दिसले, तर आपला खेळ कुठे गळतो आहे ते कळते.

बरोबरीचे दिसणारे हात बरोबरीचे नसतात

रिव्हरवर मोठी बेट करणाऱ्याच्या हातांचे बहुधा दोन टोकांचे गट असतात: एक, कॉल झाला तरी जिंकतील असे बळकट हात, दुसरा, दाखवायची वेळ आली तर हमखास हरतील असे रिकामे हात. मधले हात तो चेक करून फुकटात दाखवणे पसंत करतो. गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गनश्टेर्न यांच्यासह १९४४ मध्ये पोकरच्या एका सोप्या प्रतिकृतीचे जे विश्लेषण मांडले, त्यात हीच रचना दिसते: ब्लफ करायचा तो सर्वांत दुबळ्या हातांनी आणि चेक करायचा तो मधल्या हातांनी.

याचा परिणाम असा, की समोरच्याच्या बळकट गटाला जो हरवू शकत नाही आणि रिकाम्या गटाला सहज हरवतो, असा तुमचा प्रत्येक हात त्या बेटपुरता एकाच मोलाचा ठरतो. खेळाडूंच्या भाषेत हे सगळे ब्लफ-कॅचर. राजांची जोडी हातात असली काय किंवा नव्व्यांची असली काय, समोर दोन जोड्या असतील तर दोन्ही हरतात आणि समोर हुकलेला ड्रॉ, म्हणजे पूर्ण न झालेला फ्लश किंवा स्ट्रेट, असेल तर दोन्ही जिंकतात. मग त्यांतल्या कोणत्या हाताने कॉल करायचा आणि कोणता टाकायचा, हे जोडीच्या आकारावरून ठरवण्यात अर्थ उरत नाही. ते ठरते ब्लॉकरवरून, म्हणजे तुमच्या हातातल्या पत्त्यांमुळे समोरच्याकडे असूच शकत नाहीत अशा हातांवरून. ज्या हातामुळे त्याचे बळकट हात कमी होतात तो कॉलला चांगला. ज्या हातामुळे त्याचे ब्लफ कमी होतात तो कॉलला वाईट. हे सूत्र ऐकायला सोपे आहे, पण एक डाव पान-पान उलगडल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही.

एक डाव जवळून

ब्लाइंड १०० आणि २००, दोघांकडेही सुरुवातीला २०,००० चिप्स. बटनवरचा खेळाडू ५०० पर्यंत रेझ करतो, स्मॉल ब्लाइंड पत्ते टाकतो आणि तुम्ही बिग ब्लाइंडमधून कॉल करता. पॉट १,१०० चा होतो. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम नव्वी आणि किलवर चौकी येते. तुम्ही चेक करता, तो ४०० ची बेट करतो, तुम्ही कॉल करता, पॉट १,९००. टर्नवर चौकट छक्की. तुम्ही चेक, त्याची बेट १,३००, तुमचा कॉल, पॉट ४,५००. रिव्हरवर इस्पिक दुर्री येते, जिने बदामाचा फ्लश पूर्ण केलेला नाही आणि फारसे काही बदललेलेही नाही. तुम्ही चेक करता आणि तो पॉटएवढी, म्हणजे ४,५०० ची बेट करतो. भाव ३३.३ टक्के.

आता असे धरू की तुमच्याकडे राजा आणि दश्शी आहे. राजा चौकटचा आहे. दश्शी एका प्रसंगी चौकटची आणि दुसऱ्या प्रसंगी बदामाची. दोन्ही वेळा तुमचा हात अगदी सारखाच आहे: राजांची जोडी, सोबत दश्शी.

पहिल्याने त्याचे बळकट हात मोजू. एक्का-राजा: चारही एक्के शिल्लक आहेत, राजे मात्र इस्पिक आणि किलवर हे दोनच उरले आहेत, कारण बदामाचा बोर्डवर आणि चौकटचा तुमच्या हातात आहे, म्हणून ८ प्रकार. एक्क्यांची जोडी ६ प्रकारे. हातात दोन राजे असण्याचा १ प्रकार. नव्व्या, छक्क्या आणि चौक्या यांचे सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचे तिसरे तसेच पान) प्रत्येकी ३, म्हणजे ९. एकाच रंगाच्या राजा-नव्वीचे २, राजा-छक्कीचे २ आणि राजा-चौकीचा १, असे दोन जोड्यांचे ५. राजा-राणी घेऊन पॉटएवढी बेट करण्याइतका तो हावरट नाही असे मानू, आणि पंजी-तिर्रीसारखे बारीक पत्ते घेऊन तो डावात शिरत नाही, म्हणजे रिव्हरवर स्ट्रेटही नाही असे धरू. एकूण २९.

त्याचे ब्लफ कोणते? बदामाचा हुकलेला फ्लश ड्रॉ हा पहिला गट. त्यातले एक्का असलेले हात तो चेक करेल, कारण एक्का दाखवूनही कधीकधी जिंकता येते. उरतात ते बदामाचे राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, राणी-अठ्ठी, गुलाम-अठ्ठी, दश्शी-अठ्ठी, दश्शी-सत्ती, अठ्ठी-सत्ती आणि सत्ती-पंजी, असे ९. दुसरा गट टर्नच्या छक्कीने दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट ड्रॉ मिळालेल्यांचा: बदाम सोडून इतर तीन रंगांचे अठ्ठी-सत्ती आणि सत्ती-पंजी, मिळून ६. बदामाशिवायचे राणी-गुलाम किंवा गुलाम-दश्शी घेऊन त्याने टर्नवर दुसरी बेट केलीच नसती असे मानू. एकूण १५.

तुमची दश्शी चौकटची असेल, तर ४४ पैकी १५ वेळा तो ब्लफ करत असतो: ३४.१ टक्के. भावापेक्षा किंचित जास्त. कॉल केल्यास सरासरी १०० चिप्सच्या आसपास फायदा. दश्शी बदामाची असेल, तर त्याच्या ब्लफांमधले राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी आणि दश्शी-सत्ती हे बदामाचे चारही हात अशक्य होतात. १५ चे ११ उरतात, बळकट हात मात्र २९ च राहतात. ४० पैकी ११, म्हणजे २७.५ टक्के, आणि कॉलचा सरासरी तोटा जवळजवळ ७९० चिप्स. दाखवायच्या वेळी जो हात तंतोतंत तेवढाच बळकट आहे, त्याचा कॉल एका पानाच्या रंगामुळे जवळजवळ चार बिग ब्लाइंडच्या तोट्यात गेला.

टेबलावर बसून एवढी मोजणी कोणी करत नाही आणि करण्याची अपेक्षाही नाही. पण हुकलेल्या फ्लश ड्रॉच्या बोर्डवर आपल्या हातात त्या रंगाचे पान असेल तर कॉलला हात आखडता घ्यावा, आणि ते नसेल तर मन थोडे मोकळे ठेवावे, एवढे तरी नक्कीच लक्षात राहते. पुष्कळ जण याच्या नेमके उलट वागतात. हातात बदामाचे पान आहे म्हणजे समोरच्याचा फ्लश अडला, या भावनेने ते कॉल करतात. फ्लश पूर्ण झालेल्या बोर्डवर ते बरोबर आहे. फ्लश हुकलेल्या बोर्डवर तेच पान तुमच्याविरुद्ध काम करते.

फारहाने टाकलेले पत्ते

ज्या डावाची चर्चा आजही संपलेली नाही तो २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतला आहे. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत ८३९ खेळाडूंमधून शेवटी दोघे उरले होते: टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर, जो ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तिथे आला होता, आणि मुरलेला व्यावसायिक खेळाडू सॅमी फारहा. फारहाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी होती, मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. बोर्डवर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी आणि शेवटी बदाम तिर्री आली. टर्नवर फारहाने बेट केली, मनीमेकरने रेझ केला आणि फारहाने कॉल केला. रिव्हरवर फारहाने चेक करताच मनीमेकर ऑल-इन गेला. त्याच्या हातात काहीही नव्हते. फ्लश हुकला होता आणि स्ट्रेटही. बराच विचार करून फारहाने बोर्डवरची सर्वांत मोठी जोडी टाकून दिली. स्पर्धा आणि २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस अखेर मनीमेकरला मिळाले.

हा डाव ब्लॉकरच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बोर्डवर तीन इस्पिक होते, म्हणजे फ्लश खरोखर शक्य होता. फारहाच्या हातातल्या इस्पिक राणीमुळे राणी असलेले सगळे फ्लश बाद होत होते. दुसरीकडे, टर्नवर रेझ करून रिव्हरवर सर्व चिप्स लावण्यासाठी ब्लफ म्हणून सर्वांत स्वाभाविक असलेले हात, म्हणजे इस्पिकचा एकटा एक्का किंवा एकटा राजा असलेले हात, जसेच्या तसे शिल्लक राहत होते. पत्त्यांच्या हिशेबाने फारहाकडे त्या बोर्डवरच्या चांगल्या ब्लफ-कॅचरपैकी एक होता, असे माझे मत आहे. तरीही त्याच्या फोल्डला हास्यास्पद म्हणता येणार नाही. टर्नवर रेझ आणि रिव्हरवर ऑल-इन एवढा लांब ब्लफ नवख्या खेळाडूकडून क्वचितच येतो, आणि हरलास तर स्पर्धाच संपते अशा जागी फारहा बसला होता. समोरच्याच्या दोन्ही बाजू पाहूनही उत्तर चुकू शकते. पत्ते उघडे ठेवून नंतर न्याय करणे सोपे असते.

समोर कोण बसले आहे

वरचा सगळा हिशेब समोरचा पुरेसे ब्लफ करतो या गृहीतकावर उभा आहे, आणि लहान ब्लाइंडच्या टेबलांवर ते गृहीतक अनेकदा टिकत नाही. तिथले बहुसंख्य खेळाडू फ्लॉपवर सढळ हाताने ब्लफ करतात, टर्नवर कमी आणि रिव्हरवर फारच कमी. वरच्या उदाहरणातल्या १५ ब्लफांपैकी त्याने केवळ ८ केले असतील, तर कोणत्याही रंगाची दश्शी असली तरी कॉल तोट्यातच जातो. त्यामुळे अनोळखी आणि सावध दिसणाऱ्या खेळाडूच्या तिसऱ्या मोठ्या बेटसमोर एमडीएफ बाजूला ठेवून पत्ते टाकणे बहुधा योग्य. आणि जो प्रत्येक पॉटमध्ये घुसतो, हुकलेले ड्रॉ उघडे करून मिरवतो, त्याच्यासमोर एरवी टाकला असता असा हातही कॉल करण्याजोगा होतो.

ही माहिती मिळते ती दाखवलेल्या पत्त्यांतून. भारतात पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळण्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने बंदी आणली आहे, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची आकडेवारी स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्नच उरत नाही. पणजीला मांडवीच्या पात्रातल्या परवानाधारक कॅसिनोत किंवा परदेशात टेबलावर बसणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून आपण ज्या डावात नाही त्या डावातले रिव्हरवरचे पत्ते सर्वांत लक्ष देऊन पाहावेत. कोणी कोणत्या हाताने, किती मोठी बेट केली आणि कॉल झाल्यावर काय दाखवले, एवढे चार-पाच नोंदींत मनात साठले तरी पुढच्या निर्णयाचा पाया तयार होतो. देहबोलीवर मात्र मी फार विसंबून राहणार नाही. थरथरणारे हात बहुतेक वेळा ब्लफचे नव्हे, तर मोठा हात लागल्याच्या उत्तेजनेचे असतात.

बेट येण्याआधीचा बचाव

बचाव म्हणजे केवळ कॉल की फोल्ड नव्हे. तुम्हाला आधी बोलायचे असेल आणि हात मध्यम असेल, तर चेक करून समोरच्याला हवी तेवढी मोठी बेट करू देण्याऐवजी स्वतःच पॉटच्या पाव ते एक-तृतीयांश बेट करता येते. तिला ब्लॉक बेट म्हणतात. समोरच्याचे तुमच्याहून किंचित दुबळे हात तिला कॉल करतात आणि दाखवण्याची किंमत तुम्ही ठरवलेली असते. मात्र जाणकार प्रतिस्पर्धी अशा बेटवर मुद्दाम रेझ करून दबाव आणतो, म्हणून अधूनमधून अत्यंत बळकट हातानेही अशीच लहान बेट करावी लागते. समोरचा अति ब्लफ करणारा असेल तर ब्लॉक बेट करूच नये. त्याला चेक देऊन ब्लफ करू द्यावा आणि कॉल करावा.

तुमच्या बेटवर रेझ आला तर गणित पुन्हा मांडावे. पॉट १,०००, तुमची बेट ५००, त्याचा रेझ १,८०० पर्यंत: तुम्हाला आणखी १,३०० द्यायचे आहेत आणि एकूण पॉट ४,६०० चा होईल, म्हणजे २८ टक्के. भाव आकर्षक वाटतो. तरीही रिव्हरवरचा रेझ हा बहुतेक टेबलांवर सर्वांत प्रामाणिक डाव असतो आणि एका जोडीने त्याला कॉल करणे क्वचितच परवडते. माझी सूचना अशी, की बेट करण्यापूर्वीच रेझ आला तर काय करायचे हे ठरवून टाकावे, आणि कॉल करणार नसू तर रेझ येताच विनाविलंब पत्ते टाकावेत.

पॉटमध्ये तिघे असतील तर कॉल आणखी कमी करावेत. ब्लफ रोखण्याची जबाबदारी दोघांत वाटली गेलेली असते, शिवाय बेट करणारा दोघांसमोर ब्लफ करायला कचरतो. तुमच्या मागे अजून एकजण बोलायचा बाकी असेल, तर काठावरचे सगळे ब्लफ-कॅचर टाकून द्यावेत. त्याच्याकडून रेझ आला तर तुमचा कॉल वाया जातो, आणि त्याने नुसता कॉल केला तरी त्याचा हात बहुधा तुमच्याहून बरा असतो.

स्पर्धेत बक्षिसाच्या यादीत शिरायला दोन-तीनच खेळाडू बाकी असताना हरलेल्या चिप्सची किंमत जिंकलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते, कारण चिप्स संपल्या की बक्षीसही संपते. तेव्हा ३३ टक्क्यांचा भाव दिसत असला तरी प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वाटा लागतो. नेमका किती, हे बक्षिसांच्या वाटणीवर आणि टेबलावरच्या चिप्सच्या विभागणीवर अवलंबून असते, पण सर्वांत मोठा ढीग असलेल्या खेळाडूच्या ऑल-इनसमोर मध्यम ढीग घेऊन काठावरचा कॉल करू नये, एवढे निश्चित सांगता येते. रोख टेबलावर हा विचार लागू होत नाही. तिथे चिपचे मोल बदलत नाही.

कॉल केल्यानंतर घाईने पत्ते उघडू नयेत. शेवटची बेट ज्याने केली त्याने आधी पत्ते दाखवायचे असतात. तो ‘तुम्ही जिंकलात’ असे म्हणून पत्ते डीलरकडे सरकवू लागला, तरी पॉट तुमच्यासमोर येईपर्यंत आपले पत्ते हातातून सोडू नयेत. एकदा ते टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात मिसळले, की बहुतेक ठिकाणी तो हात मृत मानला जातो.